मंगळवारचं पाणी

दरवर्षी आखितीला, अक्षय्य तृतीयेला, वच्छलाबाईंना न्यायला सिल्लोडला तात्यासाहेबांचा नातू यायचा. यंदा तात्यासाहेब स्वतः आले. अडुसष्ट वर्षांचा थोरला भाऊ दोन एस.ट्या बदलून, टोपी सावरत दारात उभा राहिला, तेव्हाच वच्छलाबाईंनी ओळखलं, की काहीतरी मागायचं आहे. वाटेत त्यांनी विचारलं नाही आणि तात्यांनीही सांगितलं नाही. पाचोडला उतरून जीपमध्ये बसताना ते एवढंच म्हणाले, की धाकटा रामकिसनही उद्या औरंगाबादहून येतोय, बायकोला, द्वारकाला घेऊन.

दुसऱ्या दिवशी सकाळी, घरात पुरणाची गडबड सुरू होण्याआधी, वच्छलाबाई माळावर गेल्या. माहेरी आलं की पहिली फेरी तिकडंच, नजमुन्निसाकडं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. भावजयीला, लक्ष्मीबाईंना, ते आवडत नसे. पण त्या कधी बोलल्या नव्हत्या.

माळ म्हणजे गावाच्या वरच्या अंगाची सव्वीस एकर मुरमाड जमीन. एके काळी ती त्यांच्या वडिलांची, अण्णांची होती. आठ कुळं ती कसत. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, मागोमाग कूळ कायदा आला आणि पुढच्या काही वर्षांत ती आठ घरं मालक झाली. अण्णा सहा वर्षं कोर्टात भांडले आणि हरले. शेवटच्या तारखेहून परत आले, ते घरी न जाता खालच्या रानातल्या विहिरीवर गेले आणि चार माणसांसमक्ष म्हणाले, की या घरातून विहिरीचं पाणी माळावर जाणार नाही. ती विहीर ज्यांनी सुरुंग लावून खोदली, त्यांच्यात माळावरचा कडूबा आणि नजमुन्निसाचा नवरा वहाब दोघेही होते. अण्णा जाऊन आता एकोणीस वर्षं झाली होती. वहाबही गेला होता. पाणी काही माळावर गेलं नव्हतं.

नजमुन्निसा सीताफळाच्या एका रोपाशी उकिडवी बसली होती. नखानं तिनं फांदीची साल जराशी खरवडली, आत पाहिलं आणि पुढच्या रोपाकडं सरकली. वच्छलाबाईंनी पाहिलं, साल सुकी असली तरी आत अजून हिरवी रेघ होती. त्याच्या शेजारच्या रोपाला नव्हती.

तीन पावसाळ्यांपूर्वी माळावरच्या आठही घरांनी सरकारी योजनेतून सीताफळ आणि बोर लावलं होतं. प्रत्येकी ऐंशी झाडं. मुरमात खड्डे घ्यायला महिना गेला होता. पहिले दोन उन्हाळे बरे गेले. यंदा पावसानं भादव्यातच पाठ फिरवली आणि माळावरचा हातपंप होळीपासून नुसता वारा ओढत होता. बायका गावातून डोक्यावर घागरी आणत होत्या.

“रोज दहा झाडांना देतो बाई,” नजमुन्निसा म्हणाली. “पहिल्याची पाळी फिरून आठ दिवसांनी. तवर ऱ्हायलं तर ऱ्हायलं.”

“थोरल्या दादाला कधी पाणी मागितलंस?”

“नक्को. मागितलं तर त्यांना नाय म्हणावं लागंल. चांगला माणूस हाय, कशाला त्याच्या तोंडातून नाय काढायचं.”

पुढं मग दोघी इतर गोष्टी बोलल्या. नजमुन्निसाची लेक कमरुन्निसा जालन्याला दिली होती, तिला दुसरी मुलगी झाली होती. वच्छलाबाईंच्या गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं. उन्हं वर आल्यावर वच्छलाबाई उतरल्या. येताना त्यांनी कडूबाच्या रानातली वाळलेली झाडं मोजली. तेरा होती.

*

रामकिसन दहाच्या सुमाराला पोचला. हातातली निळी रेक्झिनची पिशवी त्यानं ओसरीवरच्या खुंटीला न टांगता आत, देवघराशेजारच्या फडताळात ठेवली. द्वारकाबाईंनी ते पाहिलं आणि त्या चुलीपाशी गेल्या.

मातीच्या दोन घागरी विहिरीच्या पाण्यानं भरून, त्यांवर खरबूज ठेवून पूजा झाली. एक अण्णांची, एक आईची. आमरस-पोळीचं जेवण झालं. तात्यासाहेब नेहमीपेक्षा कमी जेवले. रामकिसननं दोनदा रस घेतला आणि यंदा पाचोडच्या बाजारात मोसंबीची आवक कशी आहे, त्यावर बराच वेळ बोलला.

त्याला घाई नव्हती. कागद कधी काढायचा, ते त्यानं ठरवलं होतं. कृषी खात्यात त्याची एकतीस वर्षं झाली होती आणि या काळात तो एक गोष्ट शिकला होता: लोक जेवल्यावर सही करतात. तो पर्यवेक्षक होता. अख्खा तालुका त्यानं सायकलवर आणि पुढं मोटारसायकलवर पालथा घातला होता, खड्डा किती बाय किती, रोप कुठल्या दिशेनं वाकवून बांधायचं, हे हजारो लोकांना सांगितलं होतं. माळावरच्या लोकांचे अर्ज त्यानंच भरले होते. सभेत त्यानंच सांगितलं होतं, की सीताफळाला फक्त तीन उन्हाळे पाणी द्या, पुढं झाड आपलं आपण जगतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांची झाडं. उस्मानपुऱ्यातल्या त्याच्या दोन खोल्यांपुढं तुळशीलाही ऊन मिळत नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि त्याला मोसंबीची चारशे झाडं लावायची होती, स्वतःची. रोपं सांगून ठेवली होती. खड्डे मिरगाच्या आत व्हायला हवे होते. त्याआधी वाटणी.

तात्यासाहेबांची हरकत नव्हती. त्यांचा मुलगा वाळूजच्या कारखान्यात लागला होता आणि तो काही शेतात परत येणार नव्हता. खालची चौदा एकर दोघा भावांत सात-सात. घर तात्यांकडं. विहीर रामकिसनच्या तुकड्यात, पण नाव दोघांचं. तात्यांना ज्वारी-गव्हापुरतं पाणी पुरे होतं. राहिली बहीण. वडिलांच्या मागं तिचंही नाव सातबाऱ्यावर लागलेलं होतं, म्हणून तिचं हक्कसोडपत्र हवं. गावात सगळ्याच बहिणी सोडत आल्या होत्या. आक्का सोडणार नाही, असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

जेवणानंतर ओसरीवर सगळे बसले. रामकिसननं पिशवी आणली आणि मसुदा वाचून दाखवला. चतुःसीमा, गट नंबर, सगळं. वच्छलाबाई भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, “विहिरीचं काय लिहिलंय?”

“विहीर दोघांत सामाईक.”

“तिसरं कुणी नाय?”

“तिसरं कोण असणार, आक्का?”

“मी.”

रामकिसन हसला. मग त्याला कळलं, की ती थट्टा करत नाहीये. वच्छलाबाई डोळे उघडून सरळ बसल्या.

“जमीन नको मला. सोडते. गुंठाभरसुदिक नको. पण विहिरीतला एक वार माझ्या नावावर लिव्हा. मंगळवार. मंगळवारी उगवल्यापासून मावळंपर्यंत पाणी माझं.”

पाणी सिल्लोडला कसं नेणार, असं द्वारकाबाईंनी विचारलं. त्यांनी ते साधेपणानंच विचारलं होतं.

“सिल्लोडला नाय न्यायचं,” वच्छलाबाई म्हणाल्या. “माळावर देणार हाय.”

*

त्यानंतर जे बोलणं झालं, ते दीड-दोन तास चाललं. आवाज कुणाचाच फार चढला नाही. त्या घराची ती रीत नव्हती.

रामकिसननं प्रथम आकड्यांनी समजावलं. वैशाखात विहिरीला दोन पुरुष पाणी असतं. मोटार चार तास चालली, की तळ दिसतो आणि पुन्हा भरायला रात्र लागते. लाइट आठवड्यातले चार दिवस दिवसा, तीन दिवस रात्री. त्यातून एक वार गेला, तर मोसंबीची चारशे झाडं निघत नाहीत, तीनशेच निघतील. वच्छलाबाईंनी ते सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, मग तीनशे लाव. सातातला एक वार मागतेय. वकिलाकडं गेले असते, तर त्यानं तीन हिश्शांतला एक सांगितला असता.

वकिलाचं नाव निघाल्यावर तात्यासाहेब मान खाली घालून बसले. आपली बहीण वकिलाकडं जाऊन आली, की नुसतं म्हणतेय, हे त्यांना ठरवता येईना. ती गेली नव्हती. पण विचारून ठेवलं होतं.

मग लक्ष्मीबाई बोलल्या. इतका वेळ त्या उंबऱ्याच्या आत, कुरडयांचं ताट मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अण्णा अंथरुणाला खिळले, ती तीन वर्षं त्यांचं सगळं लक्ष्मीबाईंनी केलं होतं. भरवणं, कूस बदलणं, धुणं. मुलगी सिल्लोडला होती, धाकटी सून शहरात. त्या तीन वर्षांत अण्णांनी विहिरीची गोष्ट त्यांना किती वेळा सांगितली असेल, याची मोजदाद नव्हती.

“वन्सं, तुमी उद्या जाल निघून,” त्या म्हणाल्या. “भावजीबी जातील. रोज सकाळी मामंजींच्या फोटूला हळदकुंकू मी लावते. मला त्यांच्याकडं बघावं लागतं.”

रामकिसननं लगेच ते उचललं. वहिनी म्हणतात ते बरोबर आहे, अण्णांचा शब्द आहे, आपण कोण तो मोडणारे. आज त्यांची घागर भरली आणि आजच हे बोलणं बरं दिसत नाही. द्वारकाबाईंनी मान हलवली. तिघं एका बाजूला झाली आणि तात्या कुठल्याच बाजूला नव्हते.

मग वच्छलाबाईंनी जे सांगितलं, ते छत्तीस वर्षांच्या संसारात आणि वैधव्यात माहेरी कधी सांगितलं नव्हतं.

“दादा, हे गेले तवा मी चौतीस वर्षांची होते. पदरात दोन पोरं. चार एकर रान, त्यात मका. दिरानं पहिल्याच उन्हाळ्यात विहिरीची पाळी बंद केली. म्हनला, बाईमाणूस शेती करती का, रान मला लावून दे. शेजारी गयासचं रान हाय. त्यानं मला इचारलंबी नाय. एका सकाळी बांध फोडला आन् त्याचा पाट माझ्या मक्यात सोडला. आठ उन्हाळे सोडला. त्याची बायको म्हनायची, आपल्यालाच पुरंना. तो म्हनायचा, हिचं वाळल्यावर आपल्याला बघावं लागंल.”

वच्छलाबाईंनी दोघा भावांकडं पाहिलं.

“तुमी दोन बारी आला होता त्या सालांत. मका हिरवा बघितला. म्हनला, वच्छीनं चांगलं संभाळलंय.”

हे दोघांसाठी होतं, पण लागलं ते तात्यासाहेबांना. त्यांना तो मका आठवला. कंबरेएवढा होता. बांधावर उभं राहून त्यांनी बहिणीची पाठ थोपटली होती आणि निवांत मनानं परतीची गाडी धरली होती. पाणी कुठून येतं, हे शेतकऱ्यानं पहिल्यांदा विचारायचं असतं. त्यांनी विचारलं नव्हतं. त्यांनी कोपऱ्यातली काठी घेतली, टोपी घातली आणि जरा विहिरीकडं जाऊन येतो म्हणून ते उतरले.

*

उन्हं कलली होती, पण वाट अजून तापलेली होती. विहिरीशेजारच्या हौदावर कडूबा बैलजोडी पाजत होता. जनावरांना अण्णांनी कधी मना केलं नव्हतं, म्हणून माळावरची जनावरं रोज इथं येत. त्यांच्याबरोबर येणारी माणसं तहान लागली तरी हौदातलंच पाणी ओंजळीनं पीत, विहिरीत वाकत नसत. तीस वर्षांत कुणी वाकलं नव्हतं, हे तात्यासाहेबांच्या आज लक्षात आलं.

कडूबा त्यांच्याहून तीन वर्षांनी लहान. दोघं एकाच चिंचेखाली खेळले होते.

“किती गेली?” तात्यांनी विचारलं.

“माझी तेरा.”

“बाकीची मिरगापर्यंत निघतील?”

कडूबानं बैलाच्या मानेवरची गोचीड काढली. “निम्मी,” तो म्हणाला. “निम्म्याच्या आत आली, तर सायब लोक नाव काढत्यात म्हणं. खत बंद, कुंपण बंद. मग बाकीचीबी काय जगत नाय.” मग आपण फार बोललो असं वाटून त्यानं कासरा ओढला. “चला, येतो मालक.”

त्यानं पाणी मागितलं नाही. मागितलं असतं, तर बरं झालं असतं, असं तात्यांना वाटलं. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. ते काठावर बसले. खाली पाणी हिरवट, स्थिर होतं. अण्णांचा आवाज त्यांना आठवायचा प्रयत्न करूनही नीट आठवेना. शब्द मात्र जसेच्या तसे आठवत होते. ते शब्द त्यांनी मनात दोन-तीनदा म्हणून पाहिले. या घरातून विहिरीचं पाणी माळावर जाणार नाही. या घरातून.

घरी त्या वेळात वेगळंच घडलं होतं. तात्या नसताना हे मिटवून टाकावं, म्हणून रामकिसन बहिणीजवळ सरकून बसला होता आणि पुन्हा अण्णांच्या शब्दावर आला होता. वच्छलाबाई म्हणाल्या, शब्द तर अण्णांनी मलाही दिला होता. लग्नात माझ्या सासऱ्यांना म्हणाले होते, पोरीला काही कमी पडू देणार नाही. तो कुणी धरून बसलं नाही, मीही नाही.

रामकिसन कंटाळला होता. दुपारची झोप झाली नव्हती आणि सहाची जीप गाठायची होती. “अण्णांचं राहू द्या हो सगळ्यांनी,” तो म्हणाला. “माणूस जाऊन एकोणीस वर्षं झाली. जुन्या काळचं डोकं, रागात काहीतरी बोलून गेले. मुद्दा तो नाहीच. मुद्दा पाणी किती आहे त्याचा आहे.”

लक्ष्मीबाई कुरडया डब्यात भरत होत्या. त्यांचा हात थांबला. त्यांनी दिराकडं पाहिलं, बराच वेळ. मग झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवायला उठल्या. द्वारकाबाईंनी नवऱ्याला खुणावलं, पण तो कागदांच्या घड्या नीट करत होता.

*

तात्यासाहेब परत आले, तेव्हा त्यांचं ठरलं होतं. त्यांनी पाय धुतले, पाणी प्यायले आणि ओसरीवर आपल्या जागी बसले.

“अण्णा काय म्हणले होते, ते मी समक्ष ऐकलंय,” ते म्हणाले. “या घरातून पाणी माळावर जाणार नाय. ते खरंय. मी देणार नाय. रामकिसनबी देणार नाय.” ते थांबले. “पण वच्छी ह्या घरची नाय. तिला अण्णांनीच दिली सिल्लोडच्या घरी, मांडव घालून. तिनं तिच्या पाण्याचं काय करावं, हे अण्णांनी काय सांगितलेलं नाय.”

रामकिसन म्हणाला, की हा शब्दांचा खेळ झाला. तात्या म्हणाले, असंल. पण मला झोप लागंल एवढा पुरेसा हाय. मग त्यांनी आत, बायकोकडं पाहिलं. रामकिसननंही पाहिलं. त्याला वाटलं होतं, वहिनी तरी आडव्या येतील.

लक्ष्मीबाई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. “वन्सं ह्या घरच्या न्हाईत,” त्या म्हणाल्या. “ते बरोबर हाय.” आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

रामकिसन सहाच्या जीपला गेला नाही. ती चुकली होती. तो रात्री लवकर झोपला. सकाळी सातला तो आणि द्वारकाबाई फाट्याकडं निघाले, तेव्हा वाटेतच कडूबा आणि माळावरची दोघं-तिघं काळा पाइप पसरत होती. बातमी आदल्या संध्याकाळीच वर पोचली होती. पाइप कुठून तरी उसना आणलेला होता आणि ते तो विहिरीपासून सरळ चढावर ओढत होते. आता मंगळवारला दोनच दिवस होते.

रामकिसन त्यांच्या बाजूनं पुढं गेला. वीस पावलांवर थांबला. पिशवी द्वारकाबाईंच्या हातात देऊन परत आला.

“सरळ चढवू नका,” तो कडूबाला म्हणाला. “मोटार पाच हॉर्सची आहे, एवढा चढ ओढणार नाही. पाइप बांधाबांधानं फिरवून न्या. वर लिंबाखाली पिंप ठेवा, आधी पाणी त्यात पडू द्या. तिथून बारीक नळीनं उतारानं सोडा. झाडाला दोन बादल्या, जास्त नाही. आणि आळ्यात पाचोळा घाला, नाहीतर दुपारपर्यंत पाणी उडून जाईल.”

कडूबानं मान डोलावली. रामकिसननं पाइपाचं टोक स्वतः धरून पहिल्या बांधाशी कसं वळवायचं, ते दाखवलं. मग हात झटकून तो फाट्याकडं गेला. निघताना त्यानं तात्यांना आणि वहिनींना नमस्कार केला होता. बहिणीला केला नव्हता.

मंगळवारी पाणी माळावर गेलं. वच्छलाबाई तोवर थांबल्या. आठही घरांची माणसं लिंबाखाली जमली होती. नळीतून आधी नुसती हवा आली, मग गढूळ धार. नजमुन्निसानं पदर डोक्यावर ओढून घेतला आणि बादली भरू लागली. वच्छलाबाईंना तिनं बसायला पोतं टाकलं. दुपारी लाइट गेली, तोवर निम्म्या माळाचं झालं होतं. उरलेल्यांची पाळी पुढच्या मंगळवारी, असं ठरलं आणि ते कुणी वाकडंतिकडं केलं नाही.

*

ज्येष्ठात पैठणला दुय्यम निबंधकासमोर कागद झाला. विहिरीच्या कलमात एक ओळ वाढली होती. रामकिसन रजा टाकून आला होता. तो दाराशी उभा होता आणि वच्छलाबाई बाकावर, तात्यांच्या शेजारी. साहेबांनी कायद्याप्रमाणं विचारलं, की जमिनीवरचा हक्क स्वखुशीनं सोडताय ना, कुणाची जबरदस्ती नाही ना?

“मंगळवार राखून बाकीचं सोडलंय,” वच्छलाबाई म्हणाल्या. “तेवढी खुशी हाय.”

साहेबांनी वर पाहिलं, तात्यांनी होकारार्थी मान हलवली आणि कारकुनानं सहीची जागा दाखवली. वच्छलाबाईंनी सही केली. ती त्यांना चांगली येत होती.

पाऊस मिरगाला न येता आषाढात आला. रामकिसननं मोसंबीची तीनशे रोपं लावली. दिवाळीत भाऊबीजेला तो सिल्लोडला गेला नाही. तात्यासाहेब गेले, त्यांच्यासोबत लक्ष्मीबाईंनी कुरडयांचा डबा पाठवला होता, पण निरोप काही दिला नव्हता. रामकिसनचं नाव वच्छलाबाईंनी काढलं नाही आणि तात्यांनीही काढलं नाही.

कार्तिक संपता संपता खात्याची झाडांची मोजणी निघाली. माळ रामकिसनच्याच वाट्याला होता. तो दुसऱ्या कुणाला पाठवू शकत होता. त्यानं पाठवलं नाही. सकाळी आठ वाजता तो वही घेऊन वर चढला आणि आठही शेतं रांगेनं फिरला. संशय आला तिथं तो वाकून नखानं साल खरवडून पाहत होता. कडूबा मागून चालत होता आणि साहेब किती म्हणतात, ते तोंडानं पुटपुटत मोजत होता. नजमुन्निसाच्या रानात पोचेपर्यंत ऊन झालं. तिनं चहा केला. रामकिसन एरवी माळावर काही घेत नसे. त्या दिवशी त्यानं घेतला.

“बाईंना सांगा भाई,” नजमुन्निसा म्हणाली. “माझी बारा गेली, बाकी हायत.”

तो बरं म्हणाला. बहिणीशी सात महिने बोलणं नव्हतं, हे तिला ठाऊक असावं, पण ती तसं काही बोलली नाही.

आठवड्यानं सिल्लोडला एक पोस्टकार्ड आलं. वर तीर्थस्वरूप नव्हतं, खाली नमस्कार नव्हता. कचेरीतल्या कागदासारखं सरळ, टोकदार अक्षर होतं. ‘माळावर सहाशे चाळीसपैकी पाचशे एकवीस झाडं जिवंत. नजमाभाभींची अडुसष्ट. मोजणी मी स्वतः केली. रामकिसन.’

वच्छलाबाई मक्याच्या कणसांच्या ढिगाजवळ बसल्या होत्या. त्यांनी ते कार्ड दोनदा वाचलं, बोटांवर हिशेब केला आणि आत जाऊन नातीच्या दप्तरातून पेन घेतलं. उरलेल्या एकशे एकोणीस जागांवर पुन्हा रोपं लावायची तर ती आता लावावीत, का पुढच्या मिरगाला, एवढंच त्यांनी रामकिसनला लिहून विचारलं आणि त्याखाली, उत्तराची वाट बघते, असं लिहिलं.